पान सत्तेचाळीस

"एकशे बारा," असं स्वतःशीच म्हणत प्रभाकररावांनी पान उलटलं, चष्मा वर सरकवला आणि माइक उचलला. बटणावर अंगठा गेला, तोच स्पीकरमधून दुसरा आवाज आला.

"पानुं एकसो बार, नटुभाई. त्रीजो कोठो जुओ. फ्यूजनी साइझ त्यां लखेली छे."

गुजराती सफाईदार होती, पण तिच्यातला खानदेशी हेल लपत नव्हता. बोलणारा हेमराज होता.

"वाह भाई, एटलामां जवाब!" नटुभाई म्हणाले.

प्रभाकररावांनी माइक परत हुकाला अडकवला. पान एकशे बारा समोर उघडं होतं. तिसऱ्या कोष्टकाखाली त्यांनीच कधीकाळी आखलेली पेन्सिलीची रेघ होती. उत्तर त्यांच्याकडेही होतं, चार सेकंद उशिरा होतं, इतकंच. त्यांनी पुस्तक मिटलं आणि नेहमीपेक्षा जरा जोरात मिटलं.

दर रविवारी सकाळी आठला सुरतेतले हौशी रेडिओवाले एका फ्रिक्वेन्सीवर जमत. आधी हजेरी, मग हवापाणी, मग कुणाची अँटेना माकडांनी वाकवली ती बातमी, आणि शेवटी अडचणी. अडचण आली की तब्बल बावीस वर्षं क्लबचे प्रमुख नटुभाई एकच वाक्य बोलायचे, "प्रभाकरभाई, जरा चोपडीमां जोई आपो ने." टेलिफोन खात्यातल्या नोकरीत प्रभाकररावांनी जमवलेली एकेचाळीस छापील मॅन्युअलं अडाजणच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, लोखंडी कपाटात, खाकी कव्हरं घालून उभी होती. पुस्तक घराबाहेर जायचं नाही, हा नियम. ज्याला बघायचं त्यानं घरी यावं, बेसिनवर हात धुवावेत आणि टेबलाशी बसावं. लोक वराछ्याहून, उधन्याहून यायचे. पत्नी शैलजाताई चहा टाकायच्या. पान उघडून देताना प्रभाकररावांचा चेहरा असा काही व्हायचा की जणू ते सर्किट त्यांनीच जन्माला घातलंय.

दोन वर्षांपूर्वी हे बंद पडलं. हेमराजला रेडिओचा परवाना मिळाला आणि त्यानं एक टॅब घेतला. जगातली सगळी मॅन्युअलं त्यात. कुणी प्रश्न विचारावा, त्यानं बोट फिरवावं आणि पानाचा फोटो सगळ्यांच्या ग्रुपवर टाकून द्यावा. हात धुवायला नकोत, अडाजणला यायला नको, चहा घ्यायला नको. शैलजाताईंनी चहाचे मोठे कप माळ्यावर ठेवून दिले होते आणि त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांचं हे न बोलणंच प्रभाकररावांना जास्त लागायचं.

स्पीकरमध्ये नटुभाईंनी आता क्लबच्या सेटचा विषय काढला होता. पावसाळ्याआधी तो मोठा जपानी सेट चालू व्हायला हवा. तापीला पूर आला त्या वर्षी मोबाइल मुके झाले होते आणि याच सेटवरून तीन दिवस निरोप गेले होते. आता तो ऐकतो, पण बोलत नाही. पुढच्या रविवारी दुपारी तीनला, नानपुऱ्यातल्या नटुभाईंच्या जरीच्या दुकानावरच्या खोलीत, तो उघडायचा.

प्रभाकरराव माइकजवळ सरकले. हा सेट त्यांच्याकडेही होता, अगदी हेच मॉडेल. सुरतेत तो कुणी आतून बघितला असेल तर त्यांनीच.

"काम हेमराज करशे," नटुभाई म्हणाले. "प्रभाकरभाई, तमारी आंखनुं ऑपरेशन हमणां ज थयुं छे. तमे फक्त बेसजो, आशीर्वाद आपजो."

दोघंतिघं हसले. प्रभाकररावही बटण दाबून हसले. मग रेडिओ बंद करून ते शैलजाताईंजवळ आले.

"आशीर्वाद द्यायला बोलावलंय मला," ते म्हणाले. "जसा काही मी बारशाला चाललोय."

शैलजाताई गवारीच्या शेंगा मोडत होत्या. "पोरगा हुशार आहे," त्या म्हणाल्या.

"टॅब हुशार आहे."

"तो इथं आला होता ना एकदा. तेव्हा कुठं टॅब होता त्याच्याकडे?"

आला होता खरा. कापड रंगवायच्या मिलमधली पाळी सुटल्यावर पांडेसऱ्याहून सायकल मारत आला होता. त्यानं बेसिनवर हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, तरी नखांच्या कडांना निळा रंग तसाच होता. "निघत नाही तो, काका," तो म्हणाला होता. "मी तं मशीनच्या वायरीचं काम करतो, पण वाफेतच रंग असतो तिथं." प्रभाकररावांनी त्याला खुर्ची दिली, पुस्तक मात्र स्वतःच्याच हातात धरलं. तासभर ते पानं उलटत होते आणि हेमराज हात मांडीवर ठेवून वाकून वाचत होता. एखादं पान त्याला परत बघायचं असेल, तर ते सांगायलाही तो लाजत होता. मग तो कधी आला नाही. आपण त्याला पुस्तकाला हात लावू दिला नाही, हे प्रभाकररावांना माहीत होतं. पण आता त्याच माणसाकडे सगळी पुस्तकं आहेत, हे आठवलं की त्या दिवसाची लाज मागे पडून चीडच वर यायची.

त्यांनी कपाट उघडलं. जपानी सेटचं सर्व्हिस मॅन्युअल काढलं आणि पान सत्तेचाळीसवर आले.

पानावर सेटच्या पाठीमागच्या भागाचं चित्र होतं. दोन छोटे पितळी स्क्रू, एक डावा, एक उजवा. डावा आधी फिरवा, मग उजवा, असं छापलं होतं. छापणाऱ्यांनी चित्र उलटं छापलं होतं. डावा आधी फिरवला की प्रक्षेपणाचे दोन्ही ट्रान्झिस्टर डोळ्याचं पातं लवायच्या आत जळायचे. प्रभाकररावांना हे कसं कळलं, तर जाळूनच. अठ्ठ्याण्णव साली. मुंबईहून दुसरे मिळेपर्यंत आठ महिने सेट बंद होता. तेव्हा समासात त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "चित्र उलटं आहे. आधी उजवा."

आता ते ट्रान्झिस्टर मुंबईतच काय, कुठेच मिळत नव्हते. कंपनीनं बनवणंच सोडून दिलं होतं. क्लबच्या सेटमधले जळले, तर तो सेट कायमचा मुका.

क्लबमध्ये त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आधी सांगायचं राहून गेलं. नंतर कुणाचा सेट बिघडला की तो त्यांच्याकडेच यायचा, तेव्हा सांगायची गरज पडली नाही. आणि पुढेपुढे त्यांनाच ते सांगावंसं वाटेनासं झालं. माणसाजवळ एखादी गोष्ट अशी असावी, जी विचारायला लोकांनी यावं.

'टॅबमध्ये पान सत्तेचाळीस छापलंय तसंच असणार,' त्यांच्या मनात आलं. या विचारानं त्यांना आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून ते जरा दचकलेही.

बुधवारी दुपारी हेमराजचा फोन आला. मागे यंत्रांचा खडखडाट होता.

"काका, रविवारी याल ना? तुम्ही असलात म्हणजे बरं."

"येईन की. आशीर्वाद द्यायचेत."

हेमराज हसला. मग जरा थांबून म्हणाला, "त्या सेटचं काही सांगायचं आहे का? तुम्ही उघडलेला आहे तो."

प्रभाकरराव खिडकीशी उभे होते. समोरच्या गॅलरीत कुणीतरी पापड वाळत घालत होतं. एक वाक्य होतं. दोन शब्दांचं.

"मी काय सांगणार?" ते म्हणाले. "तुझ्याकडे तर सगळं आहे."

"तसं नाही, काका."

"आहेच की. ठेवतो आता, दाराशी कुणीतरी आलंय."

दाराशी कुणीही आलं नव्हतं. उरलेले तीन दिवस त्यांनी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. रविवारी वेळ आली की सांगू. अगदी स्क्रूपर्यंत पोचला की सांगू. सगळ्यांसमोर, खुर्चीतून न उठता, "थांब, हेमराज," एवढंच म्हणू. मग सगळे वळून बघतील. हे चित्र त्यांना इतकं आवडलं की त्यात ते रोज थोडी भर घालू लागले. शनिवारपर्यंत त्या चित्रात नटुभाई उठून त्यांच्या पायाशी वाकले होते.

रविवारी तीनला खोलीत आठ माणसं होती. नटुभाईंनी नानखटाई मागवली होती. टेबलावर सेट झाकण काढून उपडा ठेवला होता आणि शेजारी पाण्याच्या बाटलीला टेकवून टॅब उभा केला होता. प्रभाकररावांना सगळ्यात पुढची खुर्ची दिली होती. तिच्यावर उशीसुद्धा होती.

हेमराजचा हात सुरेख होता, हे बघितल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही. स्क्रूड्रायव्हर तो पेनासारखा धरायचा. वायर बाजूला करताना बोटाच्या पाठीनं करायचा. एकदा त्याच्या आईचा फोन वाजला, तेव्हा खांद्यात फोन धरून तो हळूच बोलला, "माय, आठे काम चालू शे. मी घडीभरमा फोन करस," आणि हातातलं काम थांबवलं नाही. टॅबवरची पानं तो करंगळीनं सरकवायचा. चाळीस, बेचाळीस, पंचेचाळीस. प्रभाकररावांच्या खुर्चीतून टॅबवरची अक्षरं दिसत नव्हती, पानं बदलताना नुसता पांढरा उजेड हलायचा. पण कितवं पान चाललंय ते त्यांना न बघताही कळत होतं.

"हवे छेल्लुं काम," हेमराज शेवटच्या कामाकडे वळत म्हणाला. सेट चालू केला. मीटरचा काटा किंचित हलला. त्यानं सर्वांत बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला आणि सेटवर वाकला.

स्क्रूड्रायव्हरचं टोक डाव्या स्क्रूवर गेलं.

आता, प्रभाकररावांना वाटलं. त्यांनी तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी नटुभाई हेमराजच्या हाताकडे बोट दाखवून शेजारच्याला कौतुकानं म्हणाले, "जो, आनो हाथ जो." ते ऐकलं आणि प्रभाकररावांनी तोंड मिटलं. बशीतली नानखटाई उचलली आणि चावली. जळू दे. हे शब्द त्यांच्या मनात स्पष्ट उमटले, कुणी कानात बोलावं तितके स्पष्ट. एकदा जळलं म्हणजे कळेल सगळ्यांना, कुणाच्या घरी हात धुवायला जायचं ते.

हेमराज वाकलेलाच होता. त्यानं मान जरा वर करून प्रभाकररावांकडे बघितलं. दोघांची नजर भेटली. प्रभाकरराव नानखटाई चावत राहिले.

हेमराजनं डाव्या स्क्रूवर हळूच फुंकर मारली. टोकानं त्याच्या खाचेतली धूळ काढली. मग हात उजवीकडे नेला आणि उजवा स्क्रू केसाएवढा फिरवला. मीटरचा काटा सावकाश चढला आणि जिथं हवा तिथं थांबला. मग डावा.

"अरे, बुकमां तो डाबो पहेलो लख्यो छे," नटुभाई टॅबकडे वाकून म्हणाले.

"बुकमां भूल छे, नटुभाई. पण बाजूमां लखेलुं छे ने." हेमराजनं टॅब उचलला आणि समासावर बोट ठेवलं. तिथं पेन्सिलीचं इंग्रजी अक्षर होतं, बारीक आणि डावीकडे झुकलेलं. तो ते मराठीत सांगू लागला, प्रभाकररावांकडे बघून. "चित्र उलटं आहे. आधी उजवा. हे मला प्रभाकर, सुरत, भारत, यांनी रेडिओवर सांगितलं. त्यांचे दोन ट्रान्झिस्टर गेले, माझे वाचले. अकरा मार्च एकोणीसशे नव्व्याण्णव." तो हसला. "पुढं परवान्याचा नंबर, कॉल साइन आहे. तुमचीच आहे, काका."

खोलीत टाळ्या वाजल्या. नटुभाईंनी खरोखरच उठून प्रभाकररावांचे दोन्ही हात हातात घेतले. "प्रभाकरभाई, तमे तो इंटरनेटमां छो!"

"हे लिहिणारा न्यूझीलंडचा दातांचा डॉक्टर होता कुणी," हेमराज सांगत होता. "तो गेल्यावर त्याच्या मुलीनं त्याची सगळी पुस्तकं स्कॅन करून टाकली. ज्याच्याकडे हा सेट आहे, तो कुठला का असेना, हेच पान उघडतो. मी परवान्याच्या परीक्षेच्या आधी मोबाइलवर वाचलं हे. सुरतेतच आहे म्हटलं हा माणूस. म्हणून तं तुमच्याकडे आलो होतो तेव्हा."

त्यानं टॅब पुढं केला. प्रभाकररावांनी हात पुढे नेला आणि मागे घेतला. बोटांना नानखटाईचं तूप होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, एकेक बोट पुसलं, आणि मगच टॅब हातात घेतला.

"दोन बोटांनी मोठं होतं, काका," हेमराज म्हणाला.

अक्षर मोठं झालं. त्यांचं नाव पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलं.

जिन्यात हेमराज त्यांच्या मागोमाग उतरला. "खरं सांगू का, मी घाबरलेलो होतो," तो म्हणाला. "धूळ काढायच्या आधी मुद्दाम तुमच्याकडे बघितलं. म्हटलं, माझं काही चुकत असतं तं काका बोलले असते. तुम्ही शांत बसून खात होते. मग माझा हात थिरावला."

प्रभाकरराव कठडा धरून एकेक पायरी उतरत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरचा बुटांचा खोका काढला. जगभरच्या माणसांशी बोलणं झालं की पोस्टानं कार्ड यायचं, ती सगळी त्यात होती. दातांच्या डॉक्टरचं कार्ड सापडायला पाऊण तास लागला. कार्डावर मेंढ्या होत्या. मागे त्याच झुकलेल्या अक्षरात आभार होते.

हळूहळू त्यांना ती संध्याकाळ आठवली. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता, जात होता. तो माणूस सेट उघडून बसला होता आणि सहज बोलता बोलता म्हणाला होता, आता स्क्रू फिरवायचेत. प्रभाकर ओरडला होता, थांब. त्याला ऐकू गेलं नव्हतं. मग 'आधी उजवा' हे दोन शब्द किती वेळा म्हटले असतील, वीसदा, तीसदा. घसा बसला होता. शैलजा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन विचारत होती, कुणाशी भांडताय? ज्याचं तोंड कधी बघायचं नाही अशा एका माणसाचे ट्रान्झिस्टर वाचावेत म्हणून. आणि ते वाचले हे कळल्यावर तो उठून खोलीत नाचला होता.

प्रभाकररावांना त्या नाचणाऱ्या प्रभाकरचा हेवा वाटला. हेमराजचा कधी वाटला नव्हता इतका.

सोमवारी सकाळी त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. पान सत्तेचाळीस उघडलं. जुन्या नोंदीखाली समासात दीड इंच जागा होती. त्यांनी हळूहळू लिहिलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यामुळे ओळ जरा वर गेली.

"हेमराजचा हात डाव्या स्क्रूवर होता. मला वाटलं तो चुकतोय. मी मुद्दाम बोललो नाही. प्रभाकर, सुरत." खाली तारीख घातली आणि कॉल साइन लिहिली.

मग खाकी कव्हर नीट केलं, पुस्तक कापडी पिशवीत घातलं आणि चपला पायात सरकवल्या.

शैलजाताई बाहेर आल्या. पिशवीतून डोकावणारा पुस्तकाचा कोपरा त्यांनी बघितला. "पुस्तक घेऊन कुठं निघालात?"

"पांडेसऱ्याला. चारला त्याची पाळी सुटते."

"आत्ता तर अकरा वाजतायत."

"थांबेन गेटवर."

"त्याला कशाला हवंय ते? त्याच्याकडे सगळं आहे, तुम्हीच म्हणता ना."

प्रभाकररावांनी दाराची कडी काढली.

"हे नाही त्याच्याकडे," ते म्हणाले.